सनस्क्रीन लावूनही आपण पोळतो का? एकदा ट्यूबचं वजन करून बघा

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघं तारकर्लीला गेलो होतो. मी, बायको, मामेभाऊ आणि त्याची बायको. निघायच्या आदल्या रात्री कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एसपीएफ ५० ची ५० ग्रॅमची ट्यूब घेतली, म्हटलं दोन दिवस, चार माणसं, बास झाली. दोन्ही दिवस समुद्रावरच होतो, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग केलं, मासे बघत पालथं पडून तासभर तरंगलो. परत येताना घाटात मामेभावाला सीटवर धड बसता येईना. गुडघ्यांच्या मागची कातडी तांबूस-काळपट झालेली, नुसती पँट घासली तरी ओरडायचा. पाच दिवसांनी तिथली सालं निघाली, फोटो फॅमिली ग्रुपवर पडले आणि खाली त्याचं वाक्य, "सनस्क्रीन म्हणजे निव्वळ फसवणूक, ५० नंबरवालं लावलं होतं मी."

तिकडे बॅग रिकामी करताना ती ट्यूब माझ्या हातात आली. निम्म्याहून जास्त भरलेली होती.

हा लेख त्या उरलेल्या ट्यूबबद्दल आहे. २०२५ पासून सनस्क्रीन सारखं बातम्यांत आहे. त्या एप्रिलमध्ये आपल्याकडच्या दोन मोठ्या कंपन्या एकमेकींच्या जाहिरातींवरून थेट मुंबई आणि दिल्लीच्या हायकोर्टात गेल्या, भांडण हे की डब्यावर ५० छापलेलं असलं तरी आत खरंच ५० आहे का. जूनमध्ये ऑस्ट्रेलियातल्या चॉईस नावाच्या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन लॅबमध्ये तपासून घेतली, त्यातल्या १६ मध्ये लेबलवरच्या आकड्याइतकं संरक्षण निघालं नाही, एकात तर ५०+ च्या जागी चक्क ४ निघाले. त्यामुळे लोक म्हणतात आकडेच खोटे. काही खोटे असतीलही. पण खरा आकडा आपण बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून स्वतःच्या हाताने खोटा करतो त्याचं काय?

## ऊन लागणं वेगळं, पोळणं वेगळं

आपल्या भाषेतच एक घोळ आहे. "ऊन लागलं" म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उष्माघात येतो, म्हणजे ताप, चक्कर, डोक्यावर कांदा, पन्हं वगैरे. सनबर्नला आपल्याकडे रोजच्या वापरातला नेमका शब्दच नाही, कुणी पोळली म्हणतं, कुणी करपली, कुणी नुसतंच "टॅन झालं" म्हणून सोडून देतं. या दोन गोष्टींची कारणं वेगळी आहेत हे आधी डोक्यात बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

उन्हातला जो भाग गरम लागतो त्याने कातडी पोळत नाही. पोळते ती अतिनील किरणांनी, ज्यांना सगळे यूव्ही म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवत पण नाहीत. त्यांचे आपल्यापर्यंत पोचणारे दोन प्रकार. यूव्हीबी कातडीच्या वरच्या थरात शिरून पेशींमधल्या डीएनएची मोडतोड करतं, पोळणं मुख्यतः याचं काम. यूव्हीए आणखी खोल जातं, त्याने कातडी काळवंडते, डाग पडतात, सुरकुत्या लवकर येतात. जमिनीवर पोचणाऱ्या यूव्हीमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास यूव्हीएच असतं आणि ते खिडकीच्या साध्या काचेतून आरामात आत येतं, यूव्हीबी मात्र काचेत बहुतेक अडकतं. म्हणून एसटीत उन्हाच्या बाजूच्या खिडकीत बसून सोलापूरला गेलात तर पोळणार नाही, पण वर्षानुवर्षं तेच केलं तर त्या बाजूचा हात हळूहळू वेगळा दिसायला लागतो.

आता फसगत कुठे होते बघा. तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. यूव्हीचा चटका लागताना काहीच कळत नाही, डीएनए बिघडलेल्या पेशी मरायला लागतात, मग शरीर तिकडे रक्तपुरवठा वाढवतं, सूज येते, आणि लाली, आग हे सगळं तीन ते सहा तासांनी सुरू होतं, सगळ्यात जास्त १२ ते २४ तासांनी. म्हणजे दुपारचं बिल रात्री येतं. त्यात समुद्रावर वारा असतो, पाणी गार असतं, डिसेंबरचं ऊन तर कोवळंच वाटतं. वाऱ्याने गारवा येतो, यूव्ही तेवढंच राहतं. अर्धा मीटर पाण्याखालीसुद्धा वरच्या ४० टक्के यूव्ही पोचतं. मामेभाऊ पालथा तरंगत होता, पाठीवर टीशर्ट, पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागचा भाग उघडा, आणि सूर्य बरोबर डोक्यावर.

"डिसेंबरात कुठे सूर्य डोक्यावर?" असं कुणी म्हणेल. थेट डोक्यावर तो आपल्याकडे वर्षातून दोनदाच येतो, मे महिन्यात आणि मग जुलैच्या आसपास, ते शून्य सावलीचे दिवस, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर लोक गच्चीत बाटल्या उभ्या करून फोटो काढतात ते. पण एक सोपा ठोकताळा आहे, आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी असेल तर यूव्ही जोरात आहे असं धरायचं. मालवणात ऐन २१ डिसेंबरलाही भर दुपारी सावली आपल्या उंचीच्या साधारण ८० टक्केच पडते. नागपूरला जेमतेम आपल्याएवढी. म्हणजे आपल्याकडे दुपारच्या उन्हाला हिवाळ्याची सुट्टीच नाही. मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा एक आकडा असतो, कुणी बघत नाही तो बघा. ३ किंवा वर असेल तर काळजी घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ११ पासून पुढे म्हणजे टोकाचं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो सर्रास ११ च्या वर असतो.

## एसपीएफ ५० म्हणजे ५० काय?

एसपीएफ म्हणजे उन्हापासून संरक्षण किती पट मिळतं त्याचा आकडा. ५० मिनिटं नाही, ५० टक्के नाही. लॅबमध्ये किमान १० माणसांच्या पाठीवर प्रयोग होतो. पाठीच्या एका चौकोनावर काही न लावता नकली सूर्याचा दिवा मारतात, शेजारच्या चौकोनावर क्रीम लावून मारतात, आणि दुसऱ्या दिवशी बघतात कुठे किती मात्रेला लाली आली. उघड्या कातडीला १ माप पुरलं आणि क्रीमवाल्या कातडीला ३० मापं लागली तर एसपीएफ ३०. जाहिरातीत "इन व्हिवो" म्हणतात ते हेच, माणसावर केलेली चाचणी, काचपट्टीवर किंवा कॉम्प्युटरवर नाही. हा आकडा रूढ केला ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ ग्रायटर या केमिस्टने, १९७४ च्या सुमारास. तरुणपणी आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना तो स्वतः चांगलाच पोळला होता अशी गोष्ट सांगतात. पोळलेल्या माणसालाच हे सुचणार.

चहाच्या गाळणीसारखं समजा. एसपीएफ १५ ची गाळणी १०० पैकी साधारण ७ किरणं आत सोडते, ३० ची ३ पेक्षा थोडी जास्त, ५० ची २. ३० आणि ५० मध्ये फरक आहे, पण जाहिरातीत वाटतो तेवढा नाही. मिनिटांचा हिशेब तर सोडूनच द्या, "मी १० मिनिटांत पोळतो, तर ५० लावून ५०० मिनिटं" हा हिशेब चुकीचा आहे, कारण सकाळी आठची १० मिनिटं आणि साडेबाराची १० मिनिटं एक नाहीत.

एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचं मोजमाप आहे. यूव्हीएसाठी आपल्याकडच्या ट्यूबवर पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असतात, ही पद्धत जपानमधून आली. चिन्हं जितकी जास्त तितकं बरं, चारपर्यंत असतात. तीन-चार अधिकवालं घ्या आणि पुढे चला, यात जास्त डोकं घालायची गरज नाही.

खरी गोम पुढे आहे. लॅबमध्ये ते क्रीम दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात. चौरस सेंटीमीटर म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढी जागा. जगभर हेच प्रमाण. लेबलवरचा ५० हा त्या जाडीचा ५० आहे. पातळ लावलं की आकडा पडतो.

## किचनमधला वजनकाटा

मला खात्री होती की मी स्वतः व्यवस्थित लावतो. रोज सकाळी ऑफिसला निघताना लावतोच, मामेभावासारखं थोडीच. म्हणून एका सोमवारी सकाळी नवीन ट्यूब किचनमधल्या वजनकाट्यावर ठेवली, बायको कणीक मोजायला वापरते तो. ट्यूब धरून ६१ ग्रॅम. आठवडाभर नेहमीसारखं लावलं, रविवारी रात्री परत ठेवली. ५९.

सात दिवसांत २ ग्रॅम. दिवसाला पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त.

आता लागतं किती? चेहरा, कान आणि मान मिळून साधारण ६०० चौरस सेंटीमीटर धरा. गुणिले २ मिलिग्रॅम म्हणजे १२०० मिलिग्रॅम, १.२ ग्रॅम. मी लावत होतो ते याच्या जेमतेम पाव पट. आणि मी काही जगावेगळा आळशी नाही, लोक लावतात किती हे जिथे जिथे मोजलंय तिथे बहुतेक वेळा लॅबच्या पाव ते अर्धा एवढंच निघालंय. सरळ भागाकार केला तरी माझ्या ५० चे साडेबारा झाले, काही प्रयोगांत तर आकडा भागाकारापेक्षाही जास्त घसरलेला दिसतो. वर तो थर पण एकसारखा नसतो, गालावर जाड, कानाशी नुसता हात फिरलेला.

घराला रंग लावून घेतलाय ना कधी? डब्यावर लिहिलेलं असतं एक लिटरमध्ये अमुक स्क्वेअर फूट. रंगाऱ्याने पाणी ओतून तोच डबा चौपट भिंतीला फासला तर जुना रंग आतून दिसतो आणि आपण कंपनीला नाही, रंगाऱ्याला धरतो. सनस्क्रीनमध्ये रंगारी आपणच.

तारकर्लीचा हिशेब यावरून करा. मोठ्या माणसाचं सगळं अंग १७-१८ हजार चौरस सेंटीमीटर, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकदा लावायला ३५ ग्रॅम. हाफ टीशर्ट आणि शॉर्ट्समध्ये अर्धं अंग उघडं धरलं तरी एकाला एका वेळी १५ ग्रॅम कुठे गेले नाहीत. चौघांना ६०. आमची ५० ग्रॅमची ट्यूब पहिल्या दिवशी पहिल्या वेळेलाच संपून कमी पडायला हवी होती, आणि आम्ही ती दोन दिवसांनी निम्मी परत आणली! "५० नंबरवालं लावलं होतं" हे वाक्य म्हणजे पोळीला तुपाचं बोट लावून तुपात तळली म्हणण्यासारखं आहे.

## मग मोजायचं कसं, रोज काटा घेऊन बसायचं?

नाही. बोटं आहेत. पहिलं बोट आणि मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत दोन भरगच्च पट्ट्या काढायच्या, ते चेहरा आणि मानेला. पहिल्यांदा काढाल तेव्हा "एवढं?" असं वाटेलच, मला पण वाटलं. सगळं एकदम थापलं तर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं, म्हणून एका बोटाचं आधी लावून जिरू द्यायचं, मग दुसऱ्या बोटाचं. दोनदा लावल्याचा आणखी एक फायदा, पहिल्या फेरीत सुटलेल्या जागा दुसऱ्या फेरीत सापडतात. अंगासाठी छोटा चमचा डोळ्यासमोर ठेवा: एका हाताला अर्ध्या चमच्यापेक्षा थोडं जास्त, एका पायाला चमच्यापेक्षा थोडं जास्त, पाठीला तेवढंच आणि छाती-पोटाला तेवढंच.

काहीजण मॉइश्चरायझरमध्ये सनस्क्रीन कालवून लावतात, तो परत रंगात पाणी घालण्याचाच प्रकार. मेकअपच्या फाउंडेशनवर एसपीएफ १५ लिहिलेलं असतं त्याच्या भरवशावर तर राहूच नका, १५ मिळायला फाउंडेशन इतकं थापावं लागेल की दशावतारात उभं राहता येईल.

## गच्ची नेमकी कुठून गळते

समजा मापात घेतलं. आता ते पोचतं कुठे?

पावसाळ्याआधी सोसायटीच्या गच्चीला वॉटरप्रूफिंग करतात. ९५ टक्के गच्ची झाली आणि टाकीखालचा कोपरा राहिला तर घरात ५ टक्के पाणी येत नाही, त्या कोपऱ्याखाली ज्याची बेडरूम आहे त्याची पूर्ण वाट लागते. कातडीचं तसंच. सरासरी नावाचा प्रकार तिथे नाही, जी जागा सुटली ती उघडीच.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी ५७ जणांना नेहमीसारखं सनस्क्रीन लावायला सांगून यूव्ही कॅमेऱ्याने फोटो काढले. या कॅमेऱ्यात क्रीम लागलेली जागा काळी दिसते आणि सुटलेली जागा फिकट. लोकांनी सरासरी चेहऱ्याचा दहावा हिस्सा सोडला होता, सगळ्यात जास्त पापण्या आणि डोळ्याचा आतला कोपरा ते नाक यामधली जागा. कारण उघड आहे, क्रीम डोळ्यात गेलं की झोंबतं. तिथे लिपस्टिकसारखी कांडी मिळते ती वापरा नाहीतर सरळ गॉगल आणि टोपी घाला.

आपल्याकडच्या सुटणाऱ्या जागा मी सांगतो, दोन ट्रिपांच्या अनुभवावरून. कानाच्या पाळ्या आणि कानामागे. मानेची मागची बाजू, केस बारीक कापलेले असतील तर जास्तच. बायकांचा भांग, तिथे पोळलं की फणी फिरवता येत नाही. ज्यांचे केस विरळ झालेत त्यांनी टाळू (राग मानू नका, मी पण त्याच रांगेत आहे). ओठ. टीशर्टच्या बाहीची कड, कारण हात वर केला की बाही सरकते. पायाचा वरचा भाग, सॅंडलचे पट्टे उमटतात ती नक्षी. पाठीचा मधला भाग, जिथे स्वतःचा हात पोचत नाही आणि लाजेपायी दुसऱ्याला सांगत नाही. आणि गुडघ्यांच्या मागे, त्याबद्दल मामेभावाला विचारा.

बर्फात तर आणखी गंमत. मनालीला जाणारे मराठी लोक काही कमी नाहीत, तिथे ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला पोळतं, जिथे ऊन पडतच नाही असं आपण समजतो. शिवाय दर हजार मीटर उंचीला यूव्ही १०-१२ टक्क्यांनी वाढतं. वाळूचा परतावा त्यामानाने कमी, १५ टक्क्यांच्या आसपास, पण छत्रीखाली बसून पोळायला तेवढा पुरतो.

## "दर दोन तासांनी लावा म्हणे, एवढा वेळ कुणाकडे आहे"

हा दोन तासांचा नियम लोकांना सगळ्यात जास्त डोक्यात जातो, आणि मला वाटतं तो सांगताना अर्धाच सांगितला जातो. क्रीम घड्याळ बघून संपत नाही. घामाने, पाण्याने, टॉवेलने, रुमालाने ते पुसलं जातं, काही घटक उन्हात स्वतःच मोडतात. सकाळी लावून दिवसभर एसी ऑफिसात खिडकीपासून लांब बसलात तर दोन-दोन तासांनी उठून लावायची काही गरज नाही, संध्याकाळी लवकर निघताना किंवा जेवायला बाहेर पडताना लावलं तरी चालतं. पण ट्रेकला, समुद्रावर, क्रिकेट खेळताना, शेतावर दोन तास हा जास्तीत जास्त धरा. पाण्यातून बाहेर येऊन टॉवेलने अंग खसाखसा पुसलं की परत लावायचं, मग ते वॉटर रेझिस्टंट का असेना. त्या शब्दाचा अर्थ ४० किंवा ८० मिनिटं पाण्यात टिकतं एवढाच. अमेरिकेने तर "वॉटरप्रूफ" शब्द लेबलवरून काढायलाच लावला.

लावायचं कपडे घालायच्या आधी, घरातच, निघण्याच्या १५-२० मिनिटं अगोदर. बीचवर पोचून वाऱ्यात, वाळू लागलेल्या हाताने, "चल लवकर पाण्यात" असं कुणीतरी ओरडत असताना लावलेलं सनस्क्रीन नीट लागल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

ढग असले तरी लावायचं का? हो, पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही येतं. काळंकुट्ट आभाळ आणि धो धो पाऊस असेल तर भजी खा.

## "आपण सावळे, हे सगळं गोऱ्यांचं खूळ"

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे आणि तो नीट ऐकायला हवा. आपल्या कातडीतलं मेलॅनिन, म्हणजे रंग देणारं द्रव्य, स्वतःच एक गाळणी आहे. गोऱ्या कातडीचं अंगचं संरक्षण ३-४ पट धरलं तर खूप गडद कातडीचं १३ च्या आसपास मोजलंय, आपण बहुतेक मराठी माणसं या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. कातडीच्या कॅन्सरचं प्रमाण आपल्याकडे खरंच खूप कमी आहे. मेलबर्नला असलेली माझी मावसबहीण सांगते की मुलांच्या शाळेत टोपी नसेल तर मैदानात खेळायला सोडतच नाहीत, ते तिथल्या गोऱ्या कातडीला आणि तिथल्या उन्हाला बरोबर आहे, तो नियम उचलून वाशिमच्या जिल्हा परिषद शाळेत लावायची गरज नाही.

पण कमी म्हणजे शून्य नाही. आपण पोळतो, फक्त लाल दिसत नाही, म्हणून "टॅन झालं" म्हणतो. हात लावल्यावर आग, ताणल्यासारखी कातडी, आठवड्याने सालं, हे झालं तर ते पोळणंच होतं. आणि आपल्या रंगाची खरी तक्रार वेगळीच आहे, काळे डाग आणि वांग. गालावर, नाकावर, वरच्या ओठावर येणारं वांग उन्हाने वाढतं आणि महागडी क्रीमं लावून महिनोन्‌महिने घालवलेलं एका ट्रिपमध्ये परत येतं. त्यात भर अशी की सावळ्या कातडीवर डाग पाडायला यूव्ही नसलेला, साधा डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हातभार लावतो. वांग असेल तर रंग मिसळलेलं, लोहाच्या ऑक्साइडवालं, म्हणजे टिंटेड सनस्क्रीन जास्त कामाचं. पांढरं फटक दिसायची कटकटही त्यात कमी.

## "आणि व्हिटॅमिन डी?"

व्हिटॅमिन डी यूव्हीबीपासून बनतं, म्हणून शंका रास्त आहे. पण लोक खऱ्या आयुष्यात जसं सनस्क्रीन लावतात त्याने डी घसरतं असं बहुतेक प्रयोगांत ठळकपणे दिसलेलं नाही, कारण वरती पाहिलंच, आपण लावतोच किती. आणि आपल्या शहरांमध्ये डीची कमतरता सर्रास आहे ती सनस्क्रीन न लावणाऱ्यांतही, दिवसभर घरात-ऑफिसात बसल्यामुळे. डी कमी असेल तर डॉक्टर गोळी देतात. त्यासाठी पाठ सोलून घ्यायची गरज नाही.

केमिकल अंगात जातं का, हा पुढचा प्रश्न. काही घटक रक्तात सापडतात, अमेरिकेच्या औषध खात्याने ते मोजलंय, त्यामुळे अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही पण आणखी अभ्यास हवा असं त्यांचंच म्हणणं. मनात शंका असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या, क्रिकेटवाले नाकावर-ओठांवर पांढरं फासायचे ना, तेच झिंक. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र सावली आणि कपडे, क्रीम नको. खोबरेल तेल? अंगाला उत्तम, उन्हासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

## आजीने काय लावलं होतं?

काही नाही, आणि तिचं बरोबर होतं. तिने डोक्यावरून पदर घेतला होता. शेतात खुरपायला जाणाऱ्या बायका बघा, लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा जुना शर्ट आणि डोक्याला गच्च फडकं. पुण्यातल्या दुचाकीवरच्या मुली तर गेली कित्येक वर्षं स्कार्फ, सनकोट आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून फिरतायत, लोकांनी त्यांच्यावर डाकू म्हणून विनोद केले, पण संरक्षणाच्या हिशेबात त्या आपल्या सगळ्यांच्या पुढे आहेत. कापडाला माप चुकत नाही, घामाने ते वाहून जात नाही. एवढंच की विरळ विणीचा पांढरा सुती टीशर्ट वाटतो तेवढा अडवत नाही आणि ओला झाल्यावर तर आणखी कमी, पोहताना अंगावर राहणारा घट्ट विणीचा पूर्ण बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट त्यापेक्षा खूप बरा. सरळ पैशाचा हिशेब केला तरी अंगाचा जितका भाग कापडाने झाकाल तितकं क्रीम वाचतं. मग क्रीम फक्त जिथे कापड पोचत नाही तिथे आणि तिथे भरपूर. मापात लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब नुसत्या चेहरा-मानेला ४० दिवस जाते. सहा महिने गेली तर ट्यूब चांगली नाही, लावणारा कंजूष आहे. आणि ती ट्यूब गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, तापून खराब होते.

एवढं करूनही पोळलात तर गार पाणी (बर्फ नाही), सैल कपडे, भरपूर पाणी प्या, कोरफडीचा गर चालतो. फोड आले तर फोडू नका. लिंबू चोळू नका, लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की वेगळेच काळे चट्टे पडतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. मोठ्या भागावर फोड, ताप किंवा उलट्या असतील तर सरळ डॉक्टरकडे.

एप्रिलमध्ये आम्ही परत गेलो मालवणला, तेच चौघं. यावेळी ५०-५० ग्रॅमच्या दोन ट्यूब नेल्या होत्या, मामेभावाने लांब पँटचा पोहायचा ड्रेस घेतला होता तरी पहिल्या दिवशी चार वाजता दुसरी ट्यूब पिळून पिळून चपटी झाली. बाजारातल्या मेडिकलमध्ये गेलो, म्हटलं तीन द्या. दुकानदाराने चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, आतून ट्यूब आणता आणता विचारलं, "कोणाचा लगीन आसा काय?"